डावीकडचा खालचा दिवा

रंगभूमीचा दिवा कधीही विझत नाही. हे वाक्य मी आमच्या नाट्यगृहात दर वर्षी निदान एकदा तरी ऐकलं आहे. बहुतेक वेळा ते उद्घाटक पाहुण्यांच्या तोंडून आलं, आणि मीच त्यांच्या चेहऱ्यावर टाकलेल्या उजेडात आलं. नोकरीची सगळी वर्षं हे दिवे बदलण्यात गेली असल्यामुळे नम्रपणे नोंदवतो, की विझतो. साधारणपणे दुसऱ्या अंकात. आणि आमच्याकडे तर नेमका डावीकडचा खालचा.

आमचं नाट्यगृह रत्नागिरीत समुद्राच्या इतकं जवळ आहे, की प्रेक्षक कमी असले की लाटा ऐकू येतात. नवशिक्या नटांना तो पार्श्वसंगीताचा भाग वाटतो. नाट्यगृह चालवणाऱ्या संस्थेत मी वायरमन म्हणून लागलो आणि वायरमन म्हणूनच सुटलो. मधल्या काळात पंखे, पंप, खालच्या वाचनालयाच्या ट्यूब आणि रंगमंचाचे दिवे हे सगळं माझ्याकडे होतं. नाटकाच्या पत्रिकेत 'प्रकाशयोजना' या शब्दापुढे दुसऱ्याच कुणाचं तरी नाव असायचं. ते गृहस्थ तिसऱ्या रांगेत बसून नाटक बघायचे, मी बाल्कनीमागच्या खोपटात उजेड कमीजास्त करणाऱ्या डिमरच्या दांड्या वरखाली करायचो. वाचनालयाच्या ट्यूब माझ्याकडे असल्याचा एक फायदा झाला. दुरुस्ती कधी लवकर संपली नाही, आणि शिडीवर बसून मी बरंच वाचून काढलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, बल्ब गेला की तसाच दुसरा आणून लावायचा. 'तसाच' या एका शब्दात आमचा सगळा धंदा आहे. रंगमंचाच्या दिव्याचा बल्ब घरच्यासारखा फिरवून बसत नाही. त्याला खाली दोन पिना असतात, आणि त्यांची जाडी नि अंतर होल्डरशी जुळावं लागतं. ते जुळलं म्हणून खूश व्हायचं नाही. बुडापासून आतल्या तारेपर्यंतची उंची जुळली पाहिजे, कारण दिव्यात मागे आरसा असतो आणि तार त्याच्या बरोबर समोर आली तरच उजेड गोळा होऊन बाहेर पडतो. मग किती वॅटचा, ते दिव्याच्या कुवतीप्रमाणे. जास्त वॅटचा घातला तर होल्डर वितळतो आणि नाटकात नसलेला वास येतो. शेवटी व्होल्टेज. आपल्या विजेपेक्षा जरा जास्त व्होल्टेजसाठी बनवलेला बल्ब पुष्कळ जगतो, पण पिवळट आणि सुस्त जळतो. कमी व्होल्टेजचा पांढराशुभ्र जळतो आणि लवकर जातो. माणसांतही असे दोन प्रकार असतात, पण तो विषय वेगळा. एवढं सगळं जमल्यावर तो काचेला बोट न लावता, फडक्यात धरून बसवायचा. बोटाचं तेल काचेला लागलं की तिथेच काच जास्त तापते, फुगते, आणि बल्ब जातो.

हे सगळं बघून, शिवाय स्वस्तात, बल्ब आणायचा हे माझं काम. संस्थेकडे बजेट कायम नसायचं. संमेलनाच्या मांडवाला असायचं, पाहुण्यांच्या फेट्याला असायचं, पाहुणा ज्या उजेडात दिसणार त्या उजेडाला नसायचं. एकदा एका सन्माननीय सदस्यांनी मुंबईहून येताना स्वतःच बल्ब आणले. "तुम्ही उगाच बाऊ करता, सुर्वे. तेवढ्याच वॅटचे आहेत, पिनाही बसतात, आणि निम्म्या किमतीत." पिना खरोखर बसल्या. तार मात्र बोटभर खाली होती. त्या संध्याकाळी रंगमंचावर उजेडाचं कडं पडलं आणि कड्याच्या मधोमध अंधारात नायक उभा राहिला. दुसऱ्या दिवशी एका समीक्षकाने लिहिलं, की नायकाचं एकाकीपण प्रकाशातून सूचित केलं आहे. सदस्यांनी ते कात्रण मला वाचून दाखवलं. मी उरलेले बल्ब कपाटात सगळ्यात मागे ठेवले, समीक्षकाच्या पुढच्या खेपेसाठी.

दुसऱ्या एकाने सुचवलं, की जुन्याच दिव्यांत एलईडीचे बल्ब घाला, वीज वाचेल. घातले. आमचे डिमर जुने, त्यांना हे बल्ब मानवत नव्हते. हळूहळू मंद होण्याऐवजी ते थोडे मंद व्हायचे, मग लुकलुकायचे, मग एकदम जायचे, आणि जरा विचार करून परत यायचे. ऐतिहासिक नाटकात राजे मरत होते. राजांनी मान टाकली, उजेड लुकलुकला, गेला, आला. राजे घाबरून पुन्हा एकदा मेले. पिटातून आवाज आला, "वन्स मोअर!" माझ्या माहितीत त्या नाटकाला मिळालेला तो एकमेव वन्स मोअर.

तर अशा रीतीने वर्षं चालली होती. मग नाट्यगृहाचं नूतनीकरण झालं. रंगमंचाच्या जुन्या फळ्यांवर प्लायवूड आणि त्यावर गुळगुळीत काळं आच्छादन आलं. पायऱ्यांना टाइल्स लागल्या. मागच्या अंगणात बायकांसाठी जांभ्या चिऱ्याच्या भिंतींचं नवं स्वच्छतागृह उभं राहिलं. आणि त्याच सुमारास डावीकडचा खालचा दिवा बल्ब खायला लागला.

हा दिवा बाकीच्यांसारखा वर पाइपला टांगलेला नाही. रंगमंचाच्या डाव्या कडेला, विंगेच्या तोंडाशी, बुटक्या स्टँडवर तो उभा असतो. स्टँडची बैठक बिडाची, दोन माणसांनी उचलावी एवढी जड. या दिव्याचा उजेड खालून आडवा येतो. वरचे दिवे माणूस दाखवतात, हा चेहरा दाखवतो. एरवी एक बल्ब कितीतरी प्रयोग चालायचा. आता नवा बल्ब लावावा, तालमीला चार दिवस झकास चालावा, आणि प्रयोगाच्या दिवशी कुठेतरी मध्येच जावा. कधी पहिल्या अंकात, कधी शेवटी. पण जायचा म्हणजे जायचाच.

त्याचा खरा फटका सुनंदाताईंना बसला. या संगमेश्वरकडच्या एका गावातल्या शाळेत शिक्षिका. गावातले निम्मे पुरुष मुंबईला, म्हणून यांनी बायकांचंच नाटक बसवलं होतं. स्वतः लिहिलं, स्वतः बसवलं, मुख्य कामही स्वतः. त्यातल्या शेवटच्या प्रवेशात घरची बाई पडवीत बसून विळीवर मासे चिरते आणि काही बोलत नाही. नवरा परत येणार नाही हे तिला कळलेलं असतं आणि ते ती कुणाला सांगत नाही. एवढंच. वरचे सगळे दिवे उतरतात आणि फक्त डावीकडच्या खालच्याचा उजेड तिच्या तोंडावर आणि हातांवर राहतो. बोलणं असतं तर अंधारातही ऐकू गेलं असतं. न बोलणं दिसायलाच लागतं.

स्पर्धेच्या दिवशी सुनंदाताईंनी विळीवर पहिला मासा ठेवला आणि दिवा गेला. मिट्ट काळोख. प्रेक्षकांना वाटलं नाटक संपलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. अंधारात त्या बाई बिचाऱ्या शेवटपर्यंत मासे चिरत बसल्या होत्या, हे पडदा पडल्यावर कळलं. परीक्षकांनी 'अंधाराचा धाडसी वापर' म्हणून दुसरं बक्षीस दिलं. बक्षीस घेऊन त्या तडक माझ्या खोपटात आल्या.

"दादा, ह्या बक्षिसाचा काय करू मी?"

"ताई, बल्ब गेला. नवा होता."

"बल्ब गेला तां कळलां मला. माझ्या बायका वरीसभर लावणी, कापणी, पोरांच्या परीक्षा सांभाळून तालमीला येतायत. त्या आंधारासाठी नाय येत." मग जिन्यावरून वळून म्हणाल्या, "आनि बायकांच्या संडासात पन दिवा नाय हां. तितं तरी धाडस करायला लावू नका."

स्वच्छतागृहात दिवा न बसवण्याचं कारण आमचे कार्यवाह केळकरसाहेब यांनी मला आधीच सांगितलं होतं: बजेट नाही. केळकरसाहेब बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर लोकांच्या सह्या जुळवून पाहिल्यामुळे त्यांना प्रत्येक माणूस जरा वेगळाच वाटायचा. लागोपाठ बल्ब जायला लागल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं.

"सुर्वे, बाकीचे दिवे नीट चालतात. एकाच ठिकाणचे बल्ब कसे जातात?"

"तेच बघतोय, साहेब."

"नवा बल्ब बाहेर जातो आणि त्या जागी जुना लागतो, असं तर होत नाही ना? मी आपलं विचारतोय."

त्यांनी आपलं विचारलं आणि मी आपलं ऐकून घेतलं. पण घरी जाताना रोजचा रस्ता लांब वाटला. एवढ्या वर्षांत मी संस्थेचा टेपसुद्धा घरी नेला नव्हता. अर्थात संशयाचं मला वावडं नाही. विजेच्या कामात तो पहिला लागतो, पक्कड नंतर. तार बंद आहे असं कुणी सांगितलं की आधी ती चालू आहे असं धरून चालायचं, म्हणून तर मी हे लिहायला जिवंत आहे. फरक एवढाच, की मी आजवर तारांवर संशय घेत आलो होतो. आता माणसांवर सुरुवात केली.

पहिला नंबर नव्या वायरिंगच्या ठेकेदाराचा. सगळं उघडून पाहिलं. काम भिकार होतं, पण निर्दोष होतं. मग व्होल्टेज. प्रयोगभर मीटर लावून बसलो. रत्नागिरीच्या मानाने वीज सभ्य वागत होती. मग होल्डर. आमच्याकडची हवा खारी, होल्डरमधल्या पितळी पट्ट्यांवर हिरवा थर चढतो, पकड सुटते, ठिणगी पडते आणि नव्याकोऱ्या बल्बचे पाय जळतात. हा संशय मला इतका आवडला, की चिनीमातीचा नवा होल्डर मी स्वतः जाऊन आणला. नव्या होल्डरमध्ये बल्ब दुसऱ्याच प्रयोगाला गेला.

राहिले बशीरभाई. बाजारात त्यांचं इलेक्ट्रिकचं दुकान, वडिलांपासूनचं. रंगमंचाचे बल्ब रत्नागिरीत फक्त तेच मागवून द्यायचे. चांगल्या कंपनीच्या खोक्यात भलताच माल घालून विकणारे लोक या जगात आहेत. मी बल्ब काउंटरवर ठेवला.

"बशीरभाई, हा माल खरा आहे ना?"

त्यांनी चष्मा वर केला. "सुर्वेदादा, तुझ्या लग्नाच्या मांडवाची माळ माझ्या बापानं लावलीन. तवा इचारलास काय, माळ खरी हाय का म्हनून?"

"तेव्हा गेली नव्हती."

"बाकीच्या दिव्यात माझेच बल्ब हायत ना? ते जात्यात?"

"नाही."

"मंग माझा बल्ब डाव्या बाजूला बसला की डुप्लिकेट व्हतो काय रे?"

मुद्दा बिनतोड होता. तरीही पुढच्या प्रत्येक वेळी मी खोक्यावरची छपाई भिंगातून पाहायचो, आणि मी ती पाहतोय हे ते पाहायचे. चहा विचारणं त्यांनी बंद केलं.

इकडे केळकरसाहेबांनी बँकेतली पद्धत लागू केली. नवा बल्ब आला की तो आधी त्यांच्या घरी जायचा आणि त्यावर ते खुणेचा ठिपका द्यायचे, म्हणजे अदलाबदल झाली तर पकडता येईल. ठिपका वहिनींच्या नेलपॉलिशचा होता, गुलाबी, आणि थेट काचेवर. पहिल्याच तासाला काच त्या ठिपक्याखाली तापली, फोडासारखी फुगली आणि बल्ब गेला. केळकरसाहेबांनी तो फुगलेला बल्ब कार्यकारिणीत पुरावा म्हणून फिरवला. "बघा, कसला हलका माल येतो!" एकाने मान डोलावली, एकाने माझ्याकडे पाहिलं. मी काचेचं सगळं शास्त्र समजावून सांगितलं. त्यावर, ठिपका फिक्या रंगाचा द्यावा, असं ठरलं.

त्याच बैठकीत आणखीही ठरलं. केळकरसाहेबांचा भाचा लग्नसमारंभांना रंगीत एलईडी दिवे भाड्याने देतो. यंदाची स्पर्धा संपली की दिव्यांचं काम त्याच्याकडे द्यायचं आणि शेवटच्या दिवशी मला शाल-श्रीफळ देऊन निरोप द्यायचा. निवृत्तीला अजून अवकाश होता. "लवकर मोकळे व्हाल, सुर्वे," केळकरसाहेब म्हणाले. चोरीचा शब्द कुणी काढला नाही. सगळे फार सुसंस्कृत लोक. पण गाव लहान आहे. शाल पांघरून घरी जाईन आणि मागे लोक बल्बांचं बोलतील, हे मला दिसत होतं. मोकळं व्हायला माझी हरकत नव्हती. त्या बल्बांसकट मोकळं व्हायला होती.

शेवटच्या दिवशी सुनंदाताईंचं नाटक होतं. त्यांनी यंदा तेच नाटक पुन्हा आणलं होतं. कपाटात त्या दिव्याला चालेल असा एकच बल्ब उरला होता, आणि निरोपच द्यायचा असल्यामुळे नवीन मागवायला कुणी तयार नव्हतं. सकाळी तो मी फडक्यात धरून बसवला. सुनंदाताई बघत होत्या.

"ह्यो तरी ऱ्हाईल ना, दादा?"

"चार दिवस तालमीला राहतो. प्रयोगाला जातो."

"म्हंजे बल्बाला पन स्टेजची भीती वाटते." त्या हसल्या नाहीत. "दादा, यंदा उजेड हवा. बक्षीस नाय मिळाला तरी चालंल."

दुपारभर मी तेच घोळवत बसलो. तालमीला राहतो, प्रयोगाला जातो. तालमीला नसतं आणि प्रयोगाला असतं असं काय? प्रेक्षक. परीक्षक. पाहुणे. आणि भाचा! गेले काही महिने प्रत्येक प्रयोगाच्या आधी तो विंगेत घुटमळताना दिसायचा. बसलेला बल्ब हलवून ठेवायला कितीसा वेळ लागतो? जितका विचार केला तितकी खात्री पटत गेली. संशय असाच वाढतो, त्याला पुरावा लागत नाही, निवांत दुपार पुरते.

आता आमच्याकडची पद्धत सांगायला हवी. तिसऱ्या घंटेआधी बंद पडद्यामागे पूजा होते. मी त्या वेळी वर खोपटात असतो. केळकरसाहेब मला मोबाइलवर मिस्ड कॉल देतात. त्याचा अर्थ, पूजेपुरता उजेड द्या. वरचे दिवे पाहुण्यांच्या डोळ्यात जातात म्हणून मी डावीकडचा खालचा पूर्ण चढवतो. पूजा आटोपली की कुणीतरी मला वर प्रसाद आणून देतं आणि मी तिसरी घंटा देतो.

त्या दिवशी मी मिस्ड कॉलची वाट पाहिली नाही. आधीच दिवा पूर्ण चढवला आणि मागच्या जिन्याने उतरून डाव्या विंगेच्या काळ्या कापडामागे उभा राहिलो, भाच्याला रंगेहाथ पकडायला. भाचा काही आला नाही. तो त्या वेळी कॅन्टीनमध्ये मिसळ खात होता, असं मागाहून कळलं.

बायका नऊवारी नेसून गोल उभ्या होत्या. त्यांच्यातल्या सगळ्यात वडील काशीआत्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि देवाला गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकी आज मांडावर उभ्या ऱ्हायल्यात रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"चुकलामाकला पदरात घे, कुनाची नजर लागली आसंल ती काड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनि गेल्या वर्साला इजवलास तसा ह्या वर्साला दिवा इजवू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

एवढं झाल्यावर टोपी घातलेले केळकरसाहेब पुढे आले, डावीकडच्या खालच्या दिव्याशी वाकले, हातातला नारळ डोक्याच्या वर नेला आणि स्टँडच्या बिडाच्या बैठकीवर नेम धरला.

"थांबा!"

मी ओरडलो ते इतक्या जोरात, की पडद्यापलीकडचे प्रेक्षकही गप्प झाले. कापडामागून माणूस निघालेला पाहून काशीआत्यांनी हात जोडले. सुनंदाताई पुढे झाल्या.

"दादा? तुमी हितं काय करताव?"

"साहेब, नारळ कुठे फोडताय?"

"सुर्वे, पूजेत विघ्न आणू नका. नेहमीच्या जागी फोडतोय."

"नेहमीच्या म्हणजे?"

"नूतनीकरण झाल्यापासून इथेच! नव्या स्टेजवर नारळ फोडायचा नाही असा ठराव आहे. पायरीवर टाइल्स आहेत. हे एक लोखंड काय ते दणकट. पाहुणे, मंडळं, सगळे इथेच फोडतात." आणि दिव्याकडे हात करून म्हणाले, "शिवाय इथे उजेडही चांगला असतो."

तो उजेड मी देत होतो. बल्बची तार थंड असताना धक्का सोसते. पूर्ण तापली की ती मऊ, हळवी होते. खालून दणका बसला की तिचे वेढे सरकतात, एकमेकांना चिकटतात, आणि बल्ब तिथल्या तिथे जातो किंवा तासाभराने कधीतरी जातो. म्हणजे मी वर बसून तार तापवून द्यायचो आणि खाली हे पाहुण्यांच्या हस्ते तिच्यावर नारळ हाणायचे. प्रत्येक प्रयोगाला, भक्तिभावाने. हे सगळं मी तिथे दोन वाक्यांत सांगितलं.

मग सुनंदाताई म्हणाल्या, "म्हंजे गेल्या वर्साला माझा दिवा आपल्याच नारळानं घेतलान?"

"बहुतेक."

"आनि त्या नारळाचा परसाद तुमाला वर यायचा?"

"दर वेळी."

"तुमी खायचाव?"

"खायचो."

मागून कुणीतरी बाई फिसकन हसली. खरंच होतं ते. इतके महिने मी गुन्हेगार शोधत होतो आणि पुरावा खोबऱ्यासारखा चावून खात होतो.

"हे काही सिद्ध झालेलं नाही," केळकरसाहेब म्हणाले. नारळ अजून हातातच होता.

"आज इथे फोडू नका. दिवा टिकला तर सिद्ध होईल."

"आणि गेला तर?"

"तर संशय माझ्यावर आहेच की."

पण नारळ न फोडता नाटक सुरू करायला कोणी तयार नव्हतं. काशीआत्यांनी तर साफ सांगितलं, "नारळ वाडवल्याबिगर मी नाय उभी ऱ्हायची." पाहुणे घड्याळाकडे बघायला लागले. सुनंदाताईंनी पदर खोचला, दोन बायकांना खूण केली आणि तिघी मागच्या दाराने अंगणात गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक आख्खा चिरा होता. त्यांनी तो गोणपाटावर, दिव्यापासून दूर, विंगेत आत ठेवला. "फोडा आता."

केळकरसाहेबांनी नारळ फोडला. मी नारळाकडे बघितलंच नाही, दिव्याकडे बघत होतो. तो जरासाही थरथरला नाही.

वर जाऊन तिसरी घंटा दिली. दोन अंक कसे गेले ते मला सांगता येणार नाही, मी नाटक पाहिलंच नाही. शेवटचा प्रवेश आला. वरचे दिवे एकेक करून उतरवले आणि डावीकडचा खालचा तेवढा ठेवला. सुनंदाताईंनी विळीवर पहिला बांगडा ठेवला. बांगडे खरे होते. वास बाल्कनीपर्यंत आला. डोकं कापलं, पोट साफ केलं, बाजूला ठेवला. दुसरा घेतला. खालून आलेल्या उजेडात तिच्या गालाचं हाड, ओले हात, बंद तोंड. ती काही बोलत नव्हती आणि ते सगळ्यांना दिसत होतं. इतकी शांतता झाली, की भरल्या नाट्यगृहात मला समुद्र ऐकू आला. शेवटचा बांगडा चिरून तिने मान वर केली आणि थेट दिव्याकडे पाहिलं. तालमीत हे नव्हतं. मग मी दांडी हळूहळू खाली ओढली आणि दिवा मी विझवला तेव्हा विझला.

टाळ्या या वेळी जरा उशिरा आल्या. यायला हव्या होत्या तेव्हा आल्या.

परीक्षकांनी तिसरं बक्षीस दिलं. प्रकाशयोजनेत मागच्या वर्षीचं धाडस राहिलं नाही, असा शेरा मारला. सुनंदाताईंनी तो मला हसत हसत ऐकवला आणि पुडीत बांधलेले दोन बांगडे दिले, नाटकातलेच.

माझा निरोपसमारंभ त्या दिवशी वेळेअभावी रद्द झाला आणि नंतर कुणी आठवण काढली नाही. माझी माफी कुणी मागितली नाही, तशी पद्धतही नाही. पुढच्या बैठकीत केळकरसाहेबांनी सांगितलं, की कडक देखरेखीमुळे बल्ब जाण्याचं प्रमाण आटोक्यात आलं आहे, आणि सर्वांनी बाकं वाजवली. मी बशीरभाईंच्या दुकानात जाऊन सगळी हकिकत सांगितली. त्यांनी आधी हातातलं गिऱ्हाईक वाटेला लावलं. मग म्हणाले, "माझ्या खोक्याकडं भिंगातनं बघत व्हतास. नारळाकडं बगायला काय झालां व्हतां रे?" आणि चहा सांगितला. तो चहा मला अजून जरा कडू लागतो.

पुढे रीतसर, वेळेवर निवृत्त झालो. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. ते मी घरी नेऊन पायरीवर फोडलं. दिव्यांचं काम आता भाच्याकडे आहे. जुने डिमर काढून नवे आणले, रंगीत एलईडी आले, आणि खरं सांगायचं तर ते बरे चालतात. पण डावीकडचा खालचा दिवा सुनंदाताईंच्या हट्टामुळे जुनाच राहिला आहे. त्याचा बल्ब आणायचा झाला की भाचा मला फोन करतो. पिना, तारेची उंची, वॅट, व्होल्टेज, सगळं विचारतो आणि मग विचारतो, "स्वस्तात काय मिळेल, काका?" मुलगा चांगला आहे. मी अजून त्याच्यावर लक्ष ठेवून असतो.

तो चिरा मात्र परत अंगणात गेला नाही. पुढच्या नाटकाला नारळ त्याच्यावरच फुटला, त्याच्या पुढच्यालाही. कुणीतरी हळदकुंकू वाहिलं. एका मंडळाने शेंदूर लावला. मग गोणपाट जाऊन पाट आला, पाटाखाली रांगोळी आली. बाहेरगावचे नट येतात ते आधी त्याला हात लावून डोळ्यांना लावतात. गेल्या वर्षीच्या स्पर्धेत उद्घाटक पाहुण्यांनी त्याच्यासमोर उभं राहून सांगितलं, की जुन्या नाट्यगृहाच्या पायाचा हा दगड पिढ्यान्‌पिढ्यांच्या कलावंतांच्या घामाने पावन झाला आहे, आणि हा आहे तोवर रंगभूमीचा दिवा कधीही विझणार नाही. केळकरसाहेबांनी मान डोलावली. मी प्रेक्षकांत होतो, टाळ्या वाजवल्या.

त्या चिऱ्याचे जोडीदार बायकांच्या स्वच्छतागृहाच्या मागच्या भिंतीत आहेत. हा बांधकामातून उरला होता. तिथे दिवा अजून बसवलेला नाही.